मास्तरांचं वजन

२ फेब्रुवारी

आत्या,

पाकीट बघून दचकू नकोस. बाबा बरे आहेत. म्हणजे कागदावर बरे आहेत, आणि माझं भांडण त्या कागदाशीच आहे.

फोनच करणार होतो. पण आमचं घर तुला माहीत आहे. खाली 'टेलर मास्तरां'चं म्हणजे बाबांचं दुकान, वर दोन खोल्या, मध्ये नुसता पडदा. मी फोनवर नुसतं 'हॅलो' म्हटलं की खाली मशीन थांबते. सुई पडली तरी ऐकू येणारा कान आहे तो. म्हणून टपाल.

ऑपरेशनमध्ये आतड्यातली गाठ निघाली, तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, जसं काही मीच कापली. आता उरलंसुरलं काही पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून सलाइनमधून औषध चाललंय. फेऱ्या निम्म्या झाल्या. प्रत्येक फेरीआधी वजन करतात, कारण औषध किती द्यायचं ते वजनावरून ठरतं. आणि गंमत अशी की पहिल्या फेरीला जे वजन होतं तेच आजही आहे. थोडं इकडे, थोडं तिकडे. घरी बघावं तर मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत चढतं. गालात लिंबू बसेल एवढा खड्डा. तोंड आलंय, त्यामुळे ताटाशी वैर असल्यासारखे बघत बसतात. मी म्हटलं, बाबा, तुम्ही वाळलात. तर म्हणाले, पँट बघ, कमरेला बरोबर बसते, पँट खोटं बोलते का?

पँट खोटं बोलत नसेल तर मग कोण बोलतंय? माझा संशय हॉस्पिटलवर आहे. पेशंटचा आकडा चांगला दिसला की त्यांचं औषध चांगलं दिसतं. जगभरच्या कॅन्सरच्या चाचण्या गोळा करायच्या, एकीवर एक घासून बघायच्या आणि कशावर किती भरवसा ठेवायचा ते सांगायचं, ह्याचाच तुला पगार मिळतो. तर सांग, माणूस वाळतो आणि वजन जागचं हलत नाही, असं कुठल्या अभ्यासात लिहिलंय?

एक मात्र आधीच सांगतो. वजन करणाऱ्या मुलीवर माझा संशय नाही. ती तशी नाही. नाव विचारायची हिंमत झाली नाही म्हणून मी मनात तिला वजनवाली म्हणतो. ती काट्यावर वाकून आकडा वाचते तेव्हा ओठ हलतात तिचे, आवाज न करता. त्या आकड्याचा मला हेवा वाटतो. हसू नकोस.

बाबांना कळू न देता लिही.

तुझी काडेपेटी


११ फेब्रुवारी

प्रिय काडेपेटी,

हसले. क्षमा कर.

आता कामाचं. माणूस वाळूनही वजन टिकतं, असं होऊ शकतं. अंगात पाणी साठलं की तसं होतं. पाय सुजलेत का ते बघ. नडगीवर अंगठा दाबून धर आणि सोड. खड्डा राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांग. तुझ्या हॉस्पिटलला खोटा आकडा लिहून काय मिळणार? चुकीच्या वजनावर औषध गेलं तर निस्तरावं त्यांनाच लागतं.

तोंड येण्याबद्दल. काही औषधं चालू असताना तोंडात बर्फाचे तुकडे चघळत ठेवले तर तोंड कमी येतं. ह्याला बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. पण सगळ्या औषधांना हे लागू नाही. काही औषधांवर गार वस्तूने उलट त्रास होतो. म्हणून आधी तिथल्या नर्सला विचार, मग चघळू दे. चालणं-फिरणं ठेवलं तर थकवा बहुधा कमी होतो. हे 'बहुधा' तुला आवडत नाही, ठाऊक आहे मला. आमच्या कचेरीत तीनच शब्दांवर काम चालतं: 'नक्की', 'बहुधा' आणि 'माहीत नाही'. त्यातला पहिला वर्षातून एखाददा वापरायला मिळाला तरी आम्ही चहा मागवतो.

आता मी विचारते, तू उत्तर दे. तुझा बाप परवा फोनवर म्हणाला की पोरगा तपकिरी बाटली आणून उशीखाली लपवतो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एकजण कॅन्सरवर कडू थेंब विकतो, हेही तोच म्हणाला. काडेपेटी, तू बापाला थेंब पाजतोयस का? पाजत असशील तर आजच बंद कर. त्या थेंबांवर कुणी धड अभ्यास केलेला नाही, आणि त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. सलाइनच्या औषधाबरोबर पोटात गेलं तर काय होईल, त्याचं उत्तर आमचा तिसरा शब्द. मोकळेपणाने लिही, ओरडणार नाही.

कॉलेज तू बापासाठी सोडलंस की त्या प्रयोगशाळेतल्या सरांशी भांडून, हे एकदा स्वतःशी ठरवून टाक. दोन्ही कारणं सांगत फिरलास की एकावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

म्हणजे सगळं जग सोडून संशयित मी. छान.

बाटलीत केसांचं तेल आहे. सुवासिक, जरा महागातलं. बाबांना दिसलं तर चिडवतील म्हणून उशीखाली. आता तुलाही कळलं, म्हणजे दोन्ही घरांत माझी अब्रू गेली. ते तेल लावून मी तिच्यासमोर उभा राहिलो, तर ती म्हणाली की पंखा लावते, पेशंटना वासाने मळमळतं. झालं समाधान?

थेंबवाल्याकडे मी गेलो होतो. खोटं बोलत नाही. त्याने सांगितलं, खात्रीने बरं होईल. आत्या, इतक्या दिवसांत 'खात्रीने' हा शब्द मला पहिल्यांदा ऐकायला मिळाला, त्याच माणसाकडून. हात खिशात गेलासुद्धा होता. मग वाटलं, ह्याला बाबांना काय झालंय हेही माहीत नाही आणि खात्री कसली देतो? परत आलो. तुझा 'बहुधा' डोक्यात भुणभुणत होता, माशीसारखा.

पाय सुजलेले नाहीत. दाबले, सोडले, खड्डा पडत नाही. खड्डा पडायला मांस कुठे आहे? बर्फाचं नर्सला विचारलं, ती म्हणाली ह्यांच्या औषधाला चालतो. तेवढा आराम पडला. पण बाकी सगळं वाढलंच. जुलाब असे की दुकानात गिऱ्हाईक ताटकळतं. तळहात लाल होऊन सोलतायत, सुई धरता येत नाही. मोठे डॉक्टर म्हणतात, ह्या डोसला इतका त्रास सहसा होत नाही, बघू. बघू म्हणजे काय? कधी बघणार?

आणि आता जे लिहितो ते लिहिताना माझाच हात धजत नाही. मी तिच्यावर नजर ठेवली. सगळ्यांना ती चपला, कोट, स्वेटर काढायला लावते. बाबांना नाही. बाबा आले की त्यांच्याशी हळू आवाजात बोलते, मग एकदा काट्याकडे बघितल्यासारखं करते आणि लिहून टाकते. मी जवळ गेलो की दोघांचं बोलणं थांबतं. बाबा खाली बघतात, ती पेन शोधते. दोनदा झालं असं. म्हणजे ती मागच्या वेळचाच आकडा उतरवते, कंटाळा म्हणून, किंवा कुणी सांगितलंय म्हणून. बाबा कुणालाही 'असू दे' म्हणणारे, त्यांनी तिलाही म्हटलं असेल.

मी आंधळा झालो होतो, आत्या. ओठ हलतात म्हणे. ओठ काय, माशाचेही हलतात. पुढच्या फेरीला सगळ्यांसमोर विचारणार आहे.

काडेपेटी (जी आता पेटली आहे)


२४ फेब्रुवारी

काडेपेटी,

घाईत लिहितेय, हे तुला वेळेवर मिळो.

सगळ्यांसमोर काही विचारू नकोस. तेलाबद्दल मी चुकले, तू तिच्याबद्दल चुकू नकोस. एवढंच म्हण: माझ्या समोर, कोट काढून, पुन्हा एकदा वजन करा. नम्रपणे. 'कृपया' म्हण. हे करायला संशय लागत नाही, काटा लागतो.

त्रास वाढलाय त्यावरून मलाही वाटतं की औषध आणि शरीर ह्यांचं माप जुळत नाहीये. बहुधा.

आत्या


२ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं. जायच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी आलं.

मी ओरडलो. ज्या हॉलमध्ये माणसं खुर्च्यांवर सलाइन लावून डोळे मिटून पडलेली असतात, तिथे. म्हणालो, तुम्ही न बघता आकडे लिहिता, माझा बाप तुमच्या कंटाळ्यावर मरतोय. आणखीही बोललो, ते लिहीत नाही. तिने काटा पुन्हा शून्यावर आणला. मग म्हणाली, आपण पुन्हा करू, कोट काढा काका. बाबा म्हणाले, मला थंडी वाजतेय, आणि हा मूर्ख आहे, ह्याचं ऐकू नका. असं म्हणून सलाइनच्या खुर्चीत जाऊन बसले, कोट घट्ट आवळून. नर्सने मला बाहेर काढलं. औषध गेलं, नेहमीएवढंच. बाहेर बाकावर बसून मी त्या मुलीचा मनातल्या मनात आणखी पाणउतारा केला.

काल दुपारी बाबा वर झोपले होते. कोट खुर्चीवरून सरकून पडला. धप्प असा आवाज आला. आत्या, कोट असा पडत नाही. उचलायला गेलो तर हात खाली ओढला गेला.

घेर उसवला. पडदे वाऱ्याने उडू नयेत म्हणून कडेला घालायची शिशाची माळ असते ना, ती आत पदरावर पदर घालून शिवलेली. दोन्ही आतल्या खिशांत कापड कापताना ठेवायची लोखंडी वजनं, हलून आवाज होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळलेली. टाके इतके सुबक की बाहेरून सुरकुती नाही. पँट उलटी करून पाहिली. मागची शिवण एकदा आत, मग आणखी आत, जुन्या टाक्यांच्या भोकांच्या ओळी शेजारी शेजारी. दर आठवड्याला कमी करत असणार. आणि मला विचारतात, पँट खोटं बोलते का.

सगळं होतं तसं परत शिवून ठेवलंय, माझ्या बुद्धीप्रमाणे. त्यांना माहीत नाही की मला माहीत आहे.

का केलं असेल? आणि मी काय करू? डॉक्टरांना सांगितलं तर ते औषध बंद करतील, गाठ परत येईल. नाही सांगितलं तर ज्या माणसाचं औषध चाललंय तो माणूस घरात शिल्लकच नाही, कोट आहे. आणि ती. कोट काढायला न लावणं ही तिची चूक धरतील. मी आधीच ओरडून तिला सगळ्यांसमोर उभं केलंय. आता पुराव्यानिशी तिची नोकरी घालवू? पुढची फेरी चौदाला आहे. लवकर लिही.


७ मार्च

बाळा,

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी हॉस्पिटलला फोन कर. चौदाची वाट बघू नकोस. आज. मी स्वतः केला असता, पण बापाला न सांगता त्याच्या पाठीमागून मी बोलावं हे बरं नाही, आणि तू समोर आहेस. जुलाब थांबत नसतील किंवा ताप आला तर फोनही नको, थेट घेऊन जा.

ह्या पत्रात 'बहुधा' नाही. जास्तीचं औषध घातक असतं, नक्की. डॉक्टरांना खरं वजन कळायला हवं, नक्की. चहा मागवायची मात्र इच्छा नाही.

औषध बंद करतील ही तुझी भीती आहे आणि तीच त्याची आहे. वजन उतरलं म्हणून कुणाला हाकलत नाहीत. डोस खऱ्या अंगाला बेतून देतात, थोडं थांबतात, खाण्याकडे लक्ष देणारं माणूस नेमतात. हे मी त्याला सांगायला हवं होतं. मी भलतंच सांगितलं.

जानेवारीत त्याचा फोन आला होता. तू भाजी आणायला गेला होतास. सहज विचारल्यासारखं म्हणाला, ताई, वजन उतरणाऱ्यांचं पुढे काय होतं गं? मी कामात होते. मी अभ्यासात असतं ते वाक्य फेकलं: ज्यांचं वजन जास्त उतरतं त्यांच्यातले बरेचजण औषध पूर्ण करू शकत नाहीत. तो म्हणाला, बरं. माणूस खचतो म्हणून वजनही उतरतं आणि औषधही अर्ध्यावर राहतं, असा त्याचा अर्थ. त्याने घेतला तो असा: आकडा उतरू दिला नाही की औषध पूर्ण होतं. जन्मभर लोकांची मापं घेतलेल्या माणसाने. घाबरलेल्या माणसाला अर्धवट वाक्य देऊ नये, तो उरलेलं स्वतः शिवून घेतो.

त्याच फोनवर त्याने आणखी एक विचारलं होतं. औषध लांबलं तर पोराची परीक्षा हुकेल का? तू म्हणे त्याला शब्द दिलायस, औषध संपलं की कॉलेजला जाईन. मी हे तुझ्यापासून लपवलं, कारण त्याने लपवायला सांगितलं. तू मला विचारत होतास कोण खोटं बोलतंय. घरातली सगळीच, आणि सगळी एकमेकांसाठी.

त्या मुलीचं तू ठरव. खरं सांगताना कुणाचं तरी नुकसान होणार, म्हणून ते सांगायचं नाही, असा एकही अभ्यास मी वाचलेला नाही.

आत्या


१५ मार्च

आत्या,

तुझं पत्र दहाला आलं. वाचून खाली गेलो. बाबा कुणाच्या तरी बाहीला कच्चे टाके घालत होते, सोललेल्या बोटांनी. मी कोट टेबलावर ठेवला.  त्यांनी घेर पालथा करून माझी शिवण बघितली.

"ब्लेडने उसवलंस ना?" म्हणाले. "अस्तर कापलं गेलंय."

मी म्हटलं, मी फोन करतोय. त्यांनी बाहीचा दोरा तोडला. मग म्हणाले, कर, पण त्या पोरीचं नाव घेऊ नकोस, मीच तिला म्हणायचो की अंगात हुडहुडी भरते, राहू दे कोट. मी म्हटलं, ते खोटं होतं? म्हणाले, ते तेवढं खरं होतं.

मोठ्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं आणि तिचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, कोटासकट वजन झालं हे आम्हाला माहीत आहे. ज्या दिवशी मी ओरडलो त्याच दिवशी, मला बाहेर काढल्यावर, ती स्वतः मोठ्या नर्सकडे गेली होती. म्हणाली, ह्या पेशंटचं वजन मी कोटासकट घेत आलेय, तो मुलगा म्हणतो ते तपासा. म्हणजे मी बाकावर बसून तिला जे म्हणत होतो, ते म्हणत असताना. ते चौदाला कोट काढूनच वजन घेणार होते. चौदापर्यंत का थांबलात, असं विचारलं मी. कोटाचा भार किती असणार, किलोभर, असं त्यांना वाटलं होतं म्हणे. कोटात काय आहे, ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

तिला तिथून काढलंय. नोकरीवरून नाही, वरच्या मजल्यावर फायली लावायला. काल जिन्यात भेटली. मी माफी मागायचं पाठ करून गेलो होतो, त्यातली पहिली ओळ बोललो आणि अडलो. तीच म्हणाली:

"तुमचे वडील कुडकुडत होते. पुन्हा कुडकुडले तर पुन्हा कोट राहू देईन. फक्त तो कोट नंतर वेगळा मोजेन."

मग मी विचारलंच, तुम्ही दोघं काय बोलत होतात, मी आलो की गप्प व्हायचात ते. तिला हसू आवरेना. बाबा तिला सांगायचे म्हणे, आमचा पोरगा तुमच्याकडे टक लावून बघतो, वाईट नाही तो, मनावर घेऊ नका. एवढं सांगून ती वर गेली. मी जिन्यातच उभा राहिलो. माझ्याबद्दल तिला काय वाटतं ते तुझ्या तिसऱ्या शब्दात जमा आहे.

आता कालचंच. फेरी दिली नाही. एक आठवडा थांबायचं, तोंड आणि पोट सावरू द्यायचं, मग खऱ्या वजनाचा डोस. उरलेल्या फेऱ्या होणार, एकही बुडणार नाही, असं मोठे डॉक्टर बाबांना दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा बाबांनी ऐकल्यासारखं दाखवलं नाही. खाण्यापिण्याचं बघणाऱ्या बाईंनी घरी कधी काय खाता ते विचारलं. बाबांनी खरं सांगितलं. मला अर्धंही माहीत नव्हतं. माझी परीक्षा हुकेल. ते मी बाबांना सांगितलं, आणि हेही की कॉलेज मी त्यांच्यासाठी सोडलेलं नाही, त्या प्रयोगशाळेतल्या सरांशी भांडून सोडलं होतं. त्यांनी मान हलवली. कदाचित माहीत असावं.

पण तुला लिहायचं होतं ते वजनाचं. तिच्या जागी एक जाडजूड बुवा आहेत, त्यांना कुणाची दया येत नाही. म्हणाले, सगळं काढा. बाबांनी कोट काढला, मग स्वेटर, मग शर्ट. बनियनवर उभे राहिले. आत्या, मी इतके दिवस सगळ्यांच्या पाळतीवर होतो, हॉस्पिटलच्या, डॉक्टरच्या, तिच्या. आणि बाबा काट्यावर चढले तेव्हा मला तिकडे बघवेना. मी भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचायला लागलो.

बाबांनी मला हाक मारली.

"इकडे बघ," म्हणाले. "बघायचं होतं ना तुला."

मी बघितलं. काटा थरथरला आणि थांबला. बुवांनी आकडा मोठ्याने वाचला. बाबांनी तो माझ्याकडून म्हणवून घेतला, मग शर्ट घालायला हात पुढे केले, आणि बटणं मला लावू दिली.

तुझा